प्युरिटन कोण होते? त्यांचे घर, त्यांचा रविवार आणि आपण



मागच्या महिन्यात आपल्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. आपल्यापैकी काही घरांत सून किंवा जावई प्रॉटेस्टंट कुटुंबातून आलेले आहेत. एका मातेने विचारले, "आमची सून प्रार्थनेला आमच्या आधी उठते, बायबल रोज वाचते, पण पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायला तिचा हात पुढे होत नाही. तिला काय म्हणावे?" त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. कोणी म्हणाले, तिला समजावून सांगा. कोणी म्हणाले, तो विषयच काढू नका. पण तो हात पुढे का होत नाही, त्यामागे किती जुना इतिहास आहे, हे आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. म्हणून या रविवारच्या अभ्यासासाठी आम्ही प्युरिटन लोकांचा विषय घेतला आहे. हे लोक चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये व अमेरिकेत राहिले. त्यांच्या विचारांची वाट मात्र आपल्या नागपूरपर्यंत आलेली आहे.

अभ्यासाआधी घरी रोमकरांस पत्र अध्याय १४, ओवी १ ते १२ वाचावे. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, याविषयी संत पौलाने तेथे लिहिले आहे.

नाव कसे पडले?

राजा आठवा हेन्री याने १५३४ मध्ये इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून वेगळी केली. त्यानंतर पंचवीस वर्षांत राज्य बदलले की धर्माचे नियम बदलत. राणी मेरीच्या काळात (१५५३ ते १५५८) देश पुन्हा कॅथलिक झाला आणि सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जाळून मारण्यात आले. हे आपणही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तेव्हा पळून गेलेले काही जण स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा व झुरिक येथे राहिले आणि तेथील कॅल्विनच्या शिकवणीने भारावून परतले. राणी एलिझाबेथने १५५९ मध्ये मधला मार्ग काढला: शिकवण प्रॉटेस्टंट, पण बिशप, धर्मगुरूंची शुभ्र वस्त्रे आणि काही जुने विधी कायम.

परत आलेल्यांना हे अपुरे वाटले. जे बायबलमध्ये सांगितलेले नाही ते उपासनेत नसावे, असे त्यांचे म्हणणे होते. बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर क्रूसाची खूण नको, कम्युनियनसाठी गुडघे टेकणे नको, लग्नात अंगठी नको. ख्रिस्तसभा 'शुद्ध' करायला निघालेले हे लोक म्हणून विरोधकांनी त्यांना चिडवून 'प्युरिटन' म्हटले. चिडवण्याचे नाव पुढे तेच कायम झाले.

त्यांच्यातील बरेच जण इंग्लंडच्या ख्रिस्तसभेत राहूनच सुधारणा मागत होते. काही जण मात्र वेगळे झाले आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. बॅरो व ग्रीनवुड या दोघांना १५९३ मध्ये फाशी झाली. त्याच एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांची स्थिती काय होती? मिस्सा करणे गुन्हा होता. १५८१ मध्ये येशूसंघीय फादर एडमंड कॅम्पियन यांना मृत्युदंड झाला. म्हणजे एकाच राज्याच्या हाती आपले लोकही मरत होते आणि त्यांचेही.

एक इंग्लिश माणूस गोव्याला आला

येथे मराठी वाचकाने एक नाव आठवावे: फादर थॉमस स्टीफन्स. ते इंग्लंडचे. मायदेशी कॅथलिक धर्मगुरू होणे अशक्य म्हणून ते रोमला गेले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले. त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्यानंतर चारच वर्षांनी, १६२० मध्ये, त्याच इंग्लंडमधून वेगळे झालेले प्युरिटन 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेला निघाले. जहाजावर १०२ प्रवासी होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे मरण पावले.

दोन्हीकडचे लोक श्रद्धेसाठीच घर सोडून निघाले होते. आपल्या वाट्याला त्यांतून मराठीचा एक थोर ग्रंथ आला. म्हणून प्युरिटनांचा इतिहास वाचताना तो परक्यांचा म्हणून वाचू नये.

त्यांचे घर

प्युरिटनांचे चर्च अगदी साधे असे. क्रूस नाही, मूर्ती नाही, रंगीत काचा नाहीत, ऑर्गन नाही. मधोमध वेदी नव्हे, तर प्रवचनाचे उंच व्यासपीठ. पण त्यांच्या धर्माचे खरे ठिकाण घर होते.

सकाळ-संध्याकाळ घरचा कर्ता पुरुष सगळ्यांना एकत्र बसवी. पत्नी, मुले, नोकर कोणीही सुटत नसे. बायबलचा उतारा वाचला जाई, स्तोत्र गायिले जाई, प्रार्थना होई. मुलांकडून धर्मप्रश्नोत्तरे पाठ करून घेतली जात. १६४७ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. त्यांतला पहिलाच प्रश्न मनुष्य कशासाठी जगतो हा आहे.

प्रत्येकाला बायबल वाचता आले पाहिजे म्हणून त्यांनी शिक्षणावर भर दिला. हार्वर्डची स्थापना १६३६ ची. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ मध्ये कायदा केला: पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक ठेवावा, शंभर घरांच्या गावाने वरच्या इयत्तांची शाळा काढावी. लोक पोट भरण्यासाठी जंगल तोडत होते, अशा काळातला हा कायदा आहे.

त्यांच्याविषयी काही चुकीच्या समजुती आहेत. ते नेहमी काळे कपडे घालत, हे खरे नाही. चांगला काळा रंग महाग पडे, म्हणून रोजचे कपडे बहुधा तपकिरी, गडद हिरवे, मातकट असत. ते बिअर पीत. नवराबायकोच्या प्रेमाला ते देवाची देणगी मानत. ॲन ब्रॅडस्ट्रीट या त्यांच्यातील कवयित्रीचे पुस्तक १६५० मध्ये लंडनला छापले गेले. पतीवरील प्रेमाच्या तिच्या कविता आजही वाचल्या जातात. मात्र लग्न हा संस्कार नव्हे असे ते मानत. १६२१ मधले प्लिमथचे पहिले लग्न धर्मगुरूसमोर नव्हे, तर दंडाधिकाऱ्यासमोर लागले. मृतांसाठी प्रार्थनाही नसे. नोव्हेंबरात आपण कबरस्थानात दिवे लावतो, तसे काही त्यांच्याकडे नव्हते.

त्यांचा रविवार आणि त्यांचा नाताळ

रविवार हा त्यांचा एकमेव सण. अमेरिकेतील वसाहतीत तो शनिवारी सूर्यास्तालाच सुरू होई. शेतीचे काम बंद, खरेदी-विक्री बंद, खेळ बंद. सकाळी व दुपारी अशा दोन उपासना. व्यासपीठावर वाळूचे घड्याळ असे आणि प्रवचन तासाहून अधिक चाले. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसत. हे आपल्या जुन्या माणसांना ओळखीचे वाटेल. पुस्तके कमी म्हणून एक जण ओळ सांगे आणि मंडळी मागून गात, जसे आपल्याकडे भजनात होते. घरी गेल्यावर बाप मुलांना विचारी, आज प्रवचनात काय ऐकले? कित्येक जण प्रवचनाची टिपणे काढत.

रविवार सोडून इतर सण त्यांनी मोडीत काढले. नाताळची तारीख बायबलमध्ये नाही आणि नाताळच्या नावाखाली दारू, जुगार, दंगा चालतो, असे त्यांचे म्हणणे. प्लिमथच्या १६२१ च्या नाताळची गोष्ट गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहून ठेवली आहे. त्या दिवशी सकाळी ते सर्वांना कामावर बोलावू लागले. नव्याने आलेले काही जण म्हणाले, या दिवशी काम करणे आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही. गव्हर्नरांनी त्यांना सूट दिली व बाकीच्यांना घेऊन कामाला गेले. दुपारी परत येऊन पाहतात तर ही मंडळी रस्त्यावर चेंडू खेळत आहेत! गव्हर्नरांनी खेळाचे सामान काढून घेतले. इतरांनी राबायचे आणि तुम्ही खेळायचे, हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही. दिवस भक्तीचा मानत असाल तर घरात बसून भक्ती करा, असे त्यांनी सुनावले. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तेथे नाताळची सरकारी सुट्टी १८५६ मध्ये सुरू झाली.

ही गोष्ट वाचून आम्हाला प्रथम हसू आले. मग गेला नाताळ आठवला. आठ दिवस आम्ही गव्हाणी, चांदण्या, माळा आणि साउंड सिस्टिम यांत गुंतलो होतो. पापनिवेदनासाठी फादर तासभर बसून होते आणि रांगेत मोजकीच माणसे होती. सण बंद करण्याचा ब्रॅडफर्डांचा उपाय आपल्याला मान्य नाही. देवाचे वचन देही झाले, म्हणून गव्हाणी, मेणबत्ती, गाणे, गोडधोड या देहाच्या गोष्टींनी त्याचा जन्म साजरा करणे योग्यच आहे, अशी आपली श्रद्धा आहे. पण भक्तीविना सण म्हणजे नुसता खेळ, हा त्यांचा टोला आपल्याला लागतो. तो लागू द्यावा.

कठोरपणा आणि एक पापनिवेदन

प्युरिटनांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांनी स्वतः छळ सोसला, त्यांनी सत्ता हाती येताच दुसऱ्यांना छळले. वेगळे मत मांडले म्हणून रॉजर विल्यम्स यांना १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. मेरी डायर या क्वेकर स्त्रीला १६६० मध्ये बॉस्टनला फाशी दिली. येशूसंघीयांना वसाहतीत पाय ठेवायला १६४७ पासून बंदी होती. सेलेम गावात १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली आणि एका वृद्धाला दगडांखाली चिरडून मारले. आपल्याकडेही आजवर जादूटोण्याच्या संशयावरून बायांना मारहाण होत आली आहे. महाराष्ट्राला २०१३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा सेलेमची गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

सेलेमच्या न्यायाधीशांपैकी एक होते सॅम्युअल स्यूअल. पाच वर्षांनी, १६९७ च्या जानेवारीत, उपवासाच्या दिवशी त्यांनी आपला दोष कबूल करणारा कागद धर्मोपदेशकाच्या हाती दिला. तो वाचला जात असताना भर मंडळीत ते स्वतः उभे राहिले. प्युरिटन धर्मगुरूपुढे पापनिवेदन करीत नसत. पण पश्चात्ताप झालेला माणूस किती खाली वाकू शकतो, हे स्यूअल यांच्याकडून आपण शिकावे.

या कठोरपणाचे मूळ काही अंशी त्यांच्या शिकवणीत होते. कोण तरणार हे देवाने अगोदरच ठरवले आहे, असे ते मानत. मग मी निवडलेल्यांत आहे का, या चिंतेने ते रोज अंतःकरण तपासत, रोजनिशी लिहीत. सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे (१ तीमथ्य २:४) आणि त्याच्या कृपेला होकार देण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. हा फरक लहान नाही, आणि तो लपवण्याचेही कारण नाही.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच प्रश्न

तरीही एक गोष्ट पाहा. प्युरिटन ज्या काळात संसारी माणसाने पवित्र कसे व्हावे हे विचारत होते, त्याच काळात आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स तोच प्रश्न विचारत होते. १५९४ पासून चार वर्षे ते जिनिव्हाजवळच्या कॅल्विनपंथी गावांत फिरले. लोक ऐकायला येईनात म्हणून त्यांनी पत्रके लिहून दारांच्या फटीतून सरकवली. १६०२ मध्ये ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण शहर कॅल्विनपंथी असल्यामुळे राहिले ॲनेसीत. त्यांनी १६०९ मध्ये भक्तिमय जीवनावर जे पुस्तक लिहिले, ते मठातल्यांसाठी नव्हे, तर संसारी माणसांसाठी. सैनिक, कारागीर, गृहिणी या प्रत्येकाला आपापल्या जागी भक्ती साधते, हा त्याचा गाभा. प्युरिटन आपल्या रोजच्या धंद्याला देवाचे बोलावणे म्हणत, ते यापासून फार दूर नाही.

आणखी एक उदाहरण. किडरमिन्स्टर येथे सुमारे आठशे कुटुंबांना घरोघर धर्मशिक्षण देणारे प्रसिद्ध प्युरिटन उपदेशक रिचर्ड बॅक्स्टर यांचे मन तरुणपणी एका पुस्तकाने पालटले. ते पुस्तक मुळात येशूसंघीय फादर रॉबर्ट पर्सन्स यांचे होते; एडमंड बनी यांनी प्रॉटेस्टंटांसाठी त्यात फेरफार करून छापले होते. राजे आणि पार्लमेंट एकमेकांचे धर्मगुरू तुरुंगात टाकत असताना एका बाजूची प्रार्थना दुसऱ्या बाजूच्या घरात अशी पोहोचत होती.

मराठी मुलखातली वाट

प्युरिटनांच्या अमेरिकेतील वारसांनी १८१० मध्ये मिशन बोर्ड काढले. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. हेच पुढचे अमेरिकन मराठी मिशन. प्रत्येकाने स्वतः वाचावे ही जुनी प्युरिटन तळमळ येथेही दिसते. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना उभारला, १८२६ मध्ये मराठी नवा करार छापून काढला, १८४२ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) 'ज्ञानोदय' सुरू केले. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची अहमदनगरची शाळा पाहून महात्मा जोतीराव फुले प्रभावित झाले होते. प्युरिटन परंपरेत लिहिणाऱ्या जॉन बन्यन यांच्या प्रसिद्ध ग्रंथाचे हरी केशवजींनी केलेले मराठी रूप, 'यात्रिकक्रमण', १८४१ चे आहे. याच मिशनमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. ज्या परंपरेत एके काळी फक्त बायबलमधली स्तोत्रे गायिली जात, तिच्याच मराठी शाखेत टिळकांनी अभंग आणले, आणि त्यांची गीते आज आपणही गातो.

नागपूरला १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप आले. त्यांच्या चर्चचा विश्वासनामा वेस्टमिन्स्टरचाच, म्हणजे प्युरिटन धर्मपंडितांनी तयार केलेला. त्यांनी शाळा चालवली, खडक व जीवाश्म गोळा केले, आदिवासींच्या भाषा व चालीरीती लिहून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडाले. १८८३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. आपल्या कळमेश्वरची किती तरी मुले तेथे शिकून आली असतील! आणि त्याच १८४५ मध्ये ॲनेसीचे फ्रान्सलियन मिशनरी भारतात आले. पुढे नागपूरची ख्रिस्तसभा त्यांनीच उभी केली. जिनिव्हाजवळ समोरासमोर आलेल्या त्या दोन परंपरा अशा रीतीने आपल्या संत्र्यांच्या मुलखात शेजारी राहायला आल्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बिशप नकोत म्हणून भांडणाऱ्यांचे वारस आणि बिशप हवेत म्हणणाऱ्यांचे वारस २९ नोव्हेंबर १९७० रोजी एक झाले. सहा प्रॉटेस्टंट चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि तेही आपल्या नागपुरात. कॅथलिक ख्रिस्तसभेनेही १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ख्रिस्ती ऐक्याचा आदेश काढला. कृपेने नीतिमान ठरण्याविषयीच्या कॅथलिक-लुथरन संयुक्त घोषणेत २०१७ मध्ये कॅल्विनपंथी चर्चेसचा जागतिक संघही सहभागी झाला.

मग त्या सुनेला काय म्हणावे?

आम्हाला असे वाटते: तिचा हात मेणबत्तीकडे जात नाही यात पवित्र मरियेचा अपमान नाही. देवाचा मान दुसऱ्या कोणाला जाऊ नये, ही काळजी त्यात आहे. ती काळजी आपलीही आहे. आपण मूर्तीची आराधना करीत नाही, हे तिला प्रेमाने सांगावे, एकदाच सांगावे, आणि जबरदस्ती करू नये. तिच्या बायबलजवळ बसून सासूनेही रोज एक उतारा वाचावा. रोझरीचे रहस्य म्हणजे शुभवर्तमानातलाच प्रसंग, हे कदाचित तेथेच दोघींच्या ध्यानात येईल.

रविवारचेही तसेच. एमआयडीसीत रविवारी पाळी लागली तर भाकरीसाठी जावेच लागते. शब्बाथ माणसासाठी आहे, असे प्रभूच म्हणाला (मार्क २:२७). अशा बांधवांनी शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेला यावे. पण ज्यांना पाळी नाही त्यांचा रविवार मोबाइल आणि बाजारात संपतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरात सर्वांनी मिळून केलेली प्रार्थना शेवटची कधी झाली?

२. मागच्या रविवारच्या प्रवचनातली कोणती एक गोष्ट आपल्याला आठवते?

३. आपल्या सणांतली कोणती प्रथा भक्ती वाढवते आणि कोणती नुसताच खर्च वाढवते?

४. स्वतःच्या चुकीच्या निवाड्यामुळे आपण कोणाला दुखावले आहे का? त्या व्यक्तीची क्षमा मागितली का?

या आठवड्याचा संकल्प: रोज संध्याकाळी टीव्ही दहा मिनिटे बंद ठेवून शुभवर्तमानाचा एक उतारा मोठ्याने वाचावा. वाचायला घरातल्या सर्वांत लहान मुलाला सांगावे.

प्रार्थना: हे प्रभू येशू, आम्ही सर्वांनी एक व्हावे म्हणून तू आपल्या मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थना केलीस. तुझ्या नावाने आमच्या पूर्वजांनी एकमेकांना दिलेल्या दुःखाची क्षमा कर. आमचे घर तुझ्या वचनाचे घर कर, आमचा रविवार तुझा कर, आणि एकाच छपराखाली वेगळ्या रीतीने प्रार्थना करणाऱ्या आमच्या कुटुंबांना प्रेमात बांधून ठेव. आमेन.